नाव यादीत बघा

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मतदान केंद्राचं फाटक बंद होतं, मतदान मात्र थांबत नाही. सहा वाजता जे रांगेत उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं, मग रात्रीचे नऊ का वाजेनात. त्यासाठी केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात आणि त्या कुठून वाटायच्या याचाही नियम आहे: रांगेच्या शेपटाकडून. सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला पहिली चिठ्ठी. पुढून वाटत गेलं तर तोवर मागे आणखी चौघं येऊन चिकटतील, म्हणून ही उलटी चाल. निवडणुकीच्या जाडजूड नियमावलीतला हा एक नियम मला मनापासून आवडतो. तो लिहिणारा कधीतरी स्वतः रांगेत उभा राहिला असणार. बाकीच्या कलमांबद्दल इतक्या खात्रीने सांगता येणार नाही.

२० मे २०२४ च्या सोमवारी मुंबईत बऱ्याच ठिकाणी या चिठ्ठ्या वाटाव्या लागल्या. आमच्या गोरेगावातल्या केंद्रावरही. मे महिन्यातला तो चिकट उकाडा, शाळेचं पटांगण, त्यावर अर्धवट पोचणारा मांडव आणि मांडवाबाहेर उन्हात राहिलेली अर्धी रांग. शाळेतल्या तीन खोल्यांत तीन यादीभाग. एका खोलीपुढे शुकशुकाट, दुसरीपुढे पाचसात माणसं आणि तिसरीची रांग फाटकाबाहेर रसवंतीपर्यंत. ही तिसरी खोली नेहमी आपलीच असते. रिकाम्या खोलीतले कर्मचारी दारात येऊन आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. त्यांना आम्हाला आत घेता येत नाही आणि आम्हाला तिकडे जाता येत नाही, कारण यादीभाग वेगळा. पुढे उभ्या असलेल्या बाईंना दीड तासाने कळलं की त्यांचं नाव त्या ओस पडलेल्या खोलीत होतं. त्या एका मिनिटात मत देऊन बाहेर आल्या आणि जाताना आमच्याकडे बघून हसल्या. त्यांचा मला फार राग आला.

मग मोबाइल. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत फोन न्यायचा नाही, हा नियम जुना. पण त्या दिवशी कित्येक तरुण मुलं एकेकटी आली होती, कामावरून परस्पर, आणि त्यांचं ओळखपत्रच फोनमध्ये होतं. फोन आत नेता येत नाही, फोनशिवाय ओळख पटत नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सकाळी काही फोन फुकट सांभाळले, दुपारनंतर पैसे घ्यायला लागला. त्याला दोष कसा द्यायचा, त्याच्यावर तीसचाळीस माणसांच्या जिवाची जोखीम होती. दोन मुलं "जाऊ दे" म्हणून परत गेली. एका पोलीस शिपाई बाईने त्यांना थांबवायचा प्रयत्नही केला. "अरे, मैत्रिणीकडे दे, बायकोकडे दे." मुलगा म्हणाला, "एकटा आहे." पुढच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, निवडणूक आयोगाने केंद्राच्या दाराशी फोन ठेवायची सोय करायचं जाहीर केलं: खणांच्या पेट्या नाहीतर तागाच्या पिशव्या. तागाची पिशवी! इतकी वर्षं तेवढीच कमी होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नेहमीचा मजकूर आला. मुंबईत मतदान पन्नाशीच्या जरा वर, मुंबईकर सुट्टी साधून लोणावळ्याला पळतो, त्याला फक्त तक्रारी करता येतात. सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून आला होता, पळाले असतीलही लोक. पण एका केंद्राला तेव्हा पंधराशेपर्यंत मतदार जोडलेले असायचे. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ६६० मिनिटं. सगळेच्या सगळे आले तर एका माणसाच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही, आणि त्यातली सात सेकंद तर व्हीव्हीपॅटच्या काचेआडची चिठ्ठी बघण्यातच जायची असतात. म्हणजे ही व्यवस्था सुरळीत चालायची तर बऱ्याच लोकांनी न येणं तिच्या हिशोबातच धरलेलं असतं. आळशी मुंबईकराचे खरं तर आभार मानायला हवेत. पुढे आयोगाने ही मर्यादा बाराशेवर आणली.

रांगेत उभं राहून चिडायचं कुणावर, हाच खरा प्रश्न असतो. टेबलामागचे शिक्षक आदल्या दिवशी साहित्य घेऊन आलेले, रात्री त्याच शाळेत बाकांवर झोपलेले, पहाटे उठून प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांची चाचणी घेऊन ती पुसून मग खऱ्या मतदानाला बसलेले. जेवण कधी आलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ती पोलीस बाई उन्हात आमच्याइतकीच उभी. पूर्वी मत देण्यापासून अडवणाऱ्याला चेहरा होता. गावचा पाटील असे, कुणाची काठी असे, "तुझं मत टाकून झालंय, घरी जा" असं दारातच सांगणारा दांडगा असे. आता कुणीच अडवत नाही. सगळे "या, या" म्हणतात, रस्तोरस्ती फलक लागलेले असतात, नटनट्या बोटाला शाई लावून हात उंचावतात. आणि तरीही माणूस मत न देता घरी येतो.

मला हे नीट कळलं ते आमच्या शेजारच्या काकूंमुळे.

काकू पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं नाव यादीतून कमी करायचा अर्ज मुलाने रीतसर भरला होता, मृत्यूचा दाखला जोडला होता. मग तो बंगळूरला गेला आणि आपलं नावही तिकडे हलवून घेतलं. कर्तव्यदक्ष मुलगा. त्या दिवशी रांग संपवून आम्ही टेबलाशी पोचलो. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने काकूंचं कार्ड बघितलं, यादीवर पट्टी सरकवली आणि मान वर केली.

"आजी, तुमचं नाव वगळलेलं आहे."

यादीत प्रत्येकाचा एक चौकोन असतो, त्यात फोटो. काकूंच्या चौकोनावर आडवा शिक्का होता. त्याच्या वरच्या चौकोनात काका होते, स्वच्छ, शिक्क्याविना, पासपोर्टच्या फोटोतल्यासारखे गंभीर.

"आणि ह्यांचं?" काकूंनी विचारलं.

"आजोबांचं आहे ना. ते आले नाहीत का?"

"ते कुठून येणार? दोन वर्षं झाली."

अधिकाऱ्याला काय बोलावं सुचेना. पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत डोकं घालून बसले. काकूच म्हणाल्या, "जन्मभर ह्यांना उठवून उठवून मतदानाला आणलं मी. दहादा हाका मारल्याशिवाय निघायचे नाहीत. आणि यादीत राहिले हे!"

केंद्राध्यक्ष उठून आले, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, माफी मागितल्यासारखं बोलले. आणखी काही त्यांच्या हातात नव्हतं. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, त्यात ना नाव घालता येतं, ना वगळता येतं. म्हणजे चूक उघडकीला येते ती नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी ती कुणालाच दुरुस्त करता येत नाही. "नाव यादीत आधी बघायला हवं होतं," असं त्या दिवशी काकूंना किमान पाच जणांनी ऐकवलं. पन्नासएक वर्षं न चुकता मत देणाऱ्या बाईने, घर तेच, कार्ड तेच असताना, आपण अजून आहोत ना हे मधूनमधून तपासत राहावं अशी अपेक्षा. रेशनकार्डाला, पेन्शनला, गॅसला, सगळीकडे हयातीचे दाखले देऊन दमलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे आणखी एक.

तो मतदारसंघ उत्तर-पश्चिम मुंबई. ४ जूनला निकाल लागला तेव्हा रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे होते. अठ्ठेचाळीस! आमच्या रांगेतून "जाऊ दे" म्हणत परत गेलेले, चुकीच्या खोलीपुढे कंटाळलेले, शिक्का बसलेले मोजले असते तर एवढी माणसं त्या एका शाळेच्या पटांगणातच भरली असती. काकूंनी कुणाला मत दिलं असतं हे मी विचारलं नाही, आणि त्याने काय फिरलं असतं हा हिशोब मांडायलाही मी बसणार नाही. पण एका मताने काय होतं असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला आमच्याकडे आता घरचा आकडा आहे.

आपल्याकडे बहुतेकांचा समज असा की कार्ड म्हणजे मत. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, फोटोची ओळखपत्रं आली आणि लोकांनी ती जपून कपाटात ठेवली. कायद्याला मात्र कार्डाचं फारसं कौतुक नाही. यादीत नाव असेल तर आधार, पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, काहीही चालतं. यादीत नाव नसेल तर कार्डाची चार टोकं चाटून बसा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६२ वं कलम साधं आहे: ज्याचं नाव यादीत नाही त्याला मत नाही. आणि मत देणं हा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच पोन्नुस्वामी खटल्यात सांगून ठेवलंय. कायद्याने दिलेलं कायद्याच्या अटींवर मिळतं. अटी यादीत लिहिलेल्या नसतात, यादी हीच अट.

याहून विचित्र प्रकार म्हणजे यादीत नाव आहे, ओळख पटतेय, पण तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय. अशा वेळी तुम्हाला हाकलत नाहीत. यंत्राकडे सोडत नाहीत इतकंच. हातात कागदाची मतपत्रिका देतात, ती प्रदत्त मत म्हणून पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत ते पाकीट उघडलं जात नाही. मत दिल्याचं समाधान तुमच्याकडे, मोजायची जबाबदारी कुणाकडेच नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असं मत दिलंय. ते ती हकीकत अजून अभिमानाने सांगतात. मी काही त्यांचा भ्रम तोडला नाही.

यादीतून नावं गळण्याचा सगळ्यांत मोठा गदारोळ आपण २०१४ मध्ये पाहिला. १७ एप्रिलला पुण्यात आणि आठवड्याने, २४ तारखेला, मुंबईत. बँकिंग क्षेत्रातले दीपक पारेख, अभिनेते अतुल कुलकर्णी यांच्यासारख्या माणसांची नावं सापडेनात, तेव्हा बाकीच्यांचं काय. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी व्यक्त करणारा अधिकारी ही गोष्ट आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून ती लक्षात राहिली. मत मात्र कुणाला परत मिळालं नाही.

काकूंचा तो शिक्का बसलेला चौकोन बघताना मला १९५१ च्या यादीची आठवण झाली. स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी तयार होत होती. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त. उत्तरेकडच्या राज्यांत, बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेशात, घरोघरी जाणाऱ्यांना बायका स्वतःचं नाव सांगेनात. परक्या माणसाला नाव कसं सांगायचं? मग नोंद व्हायची ती अमक्याची आई, तमक्याची बायको. सेन यांनी अशा नोंदी नामंजूर केल्या. जवळजवळ २८ लाख बायकांची नावं, किंवा नावं नसलेल्या नोंदी, यादीतून गेल्या. सेन यांचा निर्णय मला कठोर वाटतो आणि पटतोही. तडजोड केली असती तर आणखी पन्नास वर्षं बायका कुणाच्या तरी बायको म्हणूनच मत देत राहिल्या असत्या. पण त्या पहिल्या निवडणुकीत त्या २८ लाख घरीच राहिल्या, हेही खरंच.

आपल्याकडे नाव सांगायची लाज वेगळ्या बाजूने. बाई स्वतःचं नाव सांगेल, नवऱ्याचं घ्यायला उखाणा लागतो. आणि तिचं स्वतःचं म्हणजे तरी कुठलं? लग्नात बदललेलं की शाळेच्या दाखल्यावरचं? काकूंच्या पिढीत पासबुकावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, माहेरच्या तोंडी तिसरं, असं असायचंच. माझ्या आत्याचं नाव बरीच वर्षं माहेरच्या गावच्या यादीत माहेरच्या नावाने होतं आणि सासरी मात्र नव्हतंच. आजोबा दर निवडणुकीला यादी वाचून म्हणायचे, "पोरीचं नाव आहे अजून." तिला माहेरी येऊन मत देता येत नव्हतं, सासरी देता येत नव्हतं, आजोबांना बरं वाटायचं.

कायद्याच्या लेखी मतदार म्हणजे एका जागी राहणारा माणूस. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तुम्ही त्या मतदारसंघाचे सर्वसाधारण रहिवासी असायला हवं. नुसतं घर नावावर असून भागत नाही, आणि काही काळ बाहेर गेलात म्हणून रहिवास संपतही नाही. वाचायला हे अगदी वाजवी आहे. पण मुंबईत येऊन बघा. माझा मावसभाऊ गिरगावचा. चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हापासून तो विरारला भाड्याने राहतो. बिल्डर बदलला, नकाशे बदलले, भाड्याचे चेक कधी येतात कधी येत नाहीत, चाळीच्या जागी खड्डा आहे आणि खड्ड्यात पावसाळ्यात पाणी. मतदारयादीत मात्र चाळ जशीच्या तशी उभी: पहिला मजला, खोली नंबर, सगळं. मतदानाच्या दिवशी तो विरारची गाडी पकडून चर्नी रोडला उतरतो. विरार, नालासोपारा, बदलापूर, कुठकुठून चाळीतले सगळे येतात. ज्यांचं तोंड गणपतीतही दिसत नाही ते रांगेत भेटतात. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाची बायपास झाली, बिल्डरने नवीन काय थाप मारली, सगळं रांगेतच कळतं. भावाला मी म्हटलं, नाव विरारला हलव, आठ नंबरचा फॉर्म भरायचा, घरबसल्या होतं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "तिथलं नाव काढलं, तर उद्या खोली मागायला कुठल्या तोंडाने जाऊ?" कायद्याने एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण ज्याची भिंतसुद्धा राहिली नाही त्याला सरकारी कागदावर कुठेतरी आपण तिथले आहोत असं छापलेलं हवं असतं. तो तात्पुरता बाहेर गेलेला गिरगावकर आहे की कायमचा विरारकर, हे सांगणं बिल्डरशिवाय कुणालाच शक्य नाही. उद्या यादी तपासणारा कुणी बीएलओ पत्त्यावर गेला तर त्याला खड्डा सापडेल आणि तो नियमाप्रमाणे ‘स्थलांतरित’ अशी खूण करून येईल. त्याचंही काही चुकणार नाही.

२०२५ मध्ये बिहारच्या याद्यांची फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं कमी झाली. त्यांतली साधारण ३६ लाख कायमची स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेली. आकडा वाचला आणि मला त्या ओसाड घरांपेक्षा आमच्याकडचे बिहारी सुतार, गवंडी, इडलीवाले दिसले. ते सगळे इथे सापडतात, तिथे सापडत नाहीत.

आणि आपल्याच राज्यातला ऊसतोड कामगार? बीड, अहिल्यानगर, जालना भागातली माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीवर चढवून निघतात. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. नवराबायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशोबात एक, आणि त्या एकाच्या नावावर मुकादमाकडून घेतलेली उचल. २०२४ ची लोकसभा मे महिन्यात होती, हंगाम संपलेला, माणसं गावात. बीडला १३ मे रोजी मतदान झालं आणि तिथला निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्याच वर्षीची विधानसभा २० नोव्हेंबरला, आणि गाळप सुरू करायची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. पाच दिवसांचा फरक. मतदान करून मग निघायचं तर फड दुसऱ्या टोळीला जातो, आधी निघायचं तर मत गेलं. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणारं कलम कायद्यात आहे, रोजंदारीवरच्यांनाही लागू आहे. पण टनावर मजुरी मिळणाऱ्या कोयत्याला भरपगारी सुट्टी म्हणजे काय, हे त्या कलमाला विचारून बघा. परतीचा खर्च, दोन दिवसांची मोडलेली तोड, वर मुकादमाची बोलणी. एवढं करून जो गावी जाऊन मत देऊन येतो त्याला मी दंडवत घालते, आणि जो येत नाही त्याला मतदार जागृतीची पत्रकं वाटू नयेत एवढं म्हणते.

यावर एक यंत्र निघालं होतं. २०२२ च्या डिसेंबरात आयोगाने जाहीर केलं की एकाच यंत्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल, म्हणजे स्थलांतरिताला जिथे आहे तिथूनच गावासाठी मत देता येईल. १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांना ते दाखवायचं ठरलं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या: स्थलांतरित कुणाला म्हणायचं, परराज्यात प्रतिनिधी कोण बसवणार, आचारसंहिता कुठली. शंका खोट्या नव्हत्या. पण त्या सोडवायची घाई कुणालाच नव्हती, आणि ते यंत्र पुढे सरकलं नाही. घाई कशी असेल? फडातल्या माणसाचं मत कुणाच्याच खात्यात पक्कं धरलेलं नसतं.

अडथळ्यांची इतकी उजळणी केली, पण सगळ्यांत मोठा अडथळा आपण मुकाट्याने सोसला आणि त्याची रांगसुद्धा लागली नाही. मुंबई महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर मतदानाचा दिवसच उगवेना. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, मग ती रचना बदलणं, पुन्हा न्यायालय. पुणे, नाशिक, ठाणे, सगळीकडे तीच गत. नगरसेवक नाही, प्रशासक आहे. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले आणि १५ जानेवारी २०२६ ला मुंबईने मत दिलं. २०१७ च्या मार्चमध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलाला पालिकेसाठी पहिलं मत देता आलं तेव्हा तो सत्तावीसकडे झुकला होता. या चार वर्षांत गटार तुंबलं की आमच्या इमारतीतले लोक समाजमाध्यमांवर फोटो टाकायचे. कुणाला घरी बसवायचं हे ठरवायचा दिवसच नसल्यावर दुसरं करणार काय. मांडव नव्हता, ऊन नव्हतं, मोबाइलची अडचण नव्हती, त्यामुळे कुणाला राग आला नाही. मला त्या मे महिन्यातल्या रांगेपेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं.

जानेवारीतल्या त्या मतदानाला काकू बरोबर होत्या. त्यांचं नाव तोवर परत आलं होतं. ते कसं आलं ते सांगायला हवं.

लोकसभेनंतरच्या पावसाळ्यात बीएलओ बाई घरी आल्या. अंगणवाडीच्या सेविका, छत्री, प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. वगळलेलं नाव परत घालायचं तर सहा नंबरचा फॉर्म, म्हणजे नव्या मतदाराचा. काकूंनी चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. इतकं नीट वाचणारं माणूस बीएलओ बाईंना प्रथमच भेटलं असावं. शेवटच्या प्रतिज्ञेशी काकू थांबल्या. मी मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी प्रथमच अर्ज करीत आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं.

"हे खोटं आहे," काकू म्हणाल्या.

"आजी, सगळ्यांनाच तसं असतं. सही करा."

"अहो, मृणालताई गोरे सत्त्याहत्तर साली उभ्या होत्या, तेव्हा दिलंय मी मत. पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात, हे ओरडत फिरलेय मी इथे. आणि प्रथमच कसं लिहू?"

बीएलओ बाई तेव्हा जन्मल्याही नसतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मध्ये पडले नाही, मला काकूंचंच पटत होतं. काकूंनी ‘प्रथमच’वर बारीक रेघ मारली आणि खाली सही केली. खाडाखोड चालत नाही म्हणून बाईंनी दुसरा फॉर्म काढला. तोही वाचून झाला, तिथेही तेच वाक्य होतं. तेवढ्यात चहा आला. बंगळूरहून मुलाचा फोन आला, त्याने आईला समजावलं, काकूंनी नाइलाजाने सही केली, पण "हे मी दबावाखाली करतेय" असं बाईंना दोनदा सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "ह्यांचं नाव काढायचा फॉर्म द्या. तेही उरकून टाकू."

"तो सात नंबर. पण तो तुम्हाला भरता येणार नाही आजी. ज्याचं स्वतःचं नाव इथल्या यादीत आहे त्यालाच भरता येतो. आधी तुमचं येऊ दे."

"म्हणजे तोवर ह्यांचं राहणार?"

"राहणार."

काकूंनी कपबशी बाजूला ठेवली. "असू दे. घरात एक तरी मतदार हवा."